मांजरीची नसबंदी: पाचव्या महिन्यात की पहिल्या माजानंतर?

घरात बोका आणि मांजरी अशी जोडी असेल, तर थांबण्यात मला मोठा धोका दिसतो. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येते आणि सख्ख्या भावापासूनही गाभण राहते. त्यानंतर साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं! स्वतःच अजून वाढणाऱ्या जीवावर हा भार कशाला?

‘एकदा विऊ द्या, मग करा’ हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे सर्रास मिळतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूपच घटतो. थांबण्याचं खरं कारण एकच: पिल्लू अशक्त किंवा आजारी असणं. तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करावं, पण तोवर दोघांना वेगळं ठेवावं.

बोक्याचं ऑपरेशन सोपं, जखमही लवकर भरते. मात्र नंतर काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून फक्त त्याचंच करून निर्धास्त होऊ नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. पाचवा महिना उन्हाळ्यात येत असेल, तर डॉक्टरांना विचारून फेब्रुवारीतच दोघांचं उरकावं.