केएलएम सिटीहॉपर: ॲमस्टरडॅमच्या पुढचं छोटं विमान

मुंबईहून केएलएम या डच विमान कंपनीने युरोपात येणाऱ्यांना तिकिटावर दुसऱ्या फ्लाइटखाली बारीक अक्षरात केएलएम सिटीहॉपर असं दिसतं आणि मग प्रश्न सुरू होतात, ही कुठली कंपनी, सामान पुन्हा काढायचं का, विमान पंख्याचं आहे का. तर पंख्याचं नाही, जेटच आहे, आणि कंपनी केएलएमचीच, १९९१ मध्ये दोन छोट्या विमान कंपन्या एकत्र करून बनवलेली. नॉर्वेतलं स्टॅव्हँगर, डेन्मार्कमधलं बिलुंड, इंग्लंडमधलं नॉर्विच अशी जी गावं मोठ्या विमानाला परवडत नाहीत तिथे हीच जाते.

मी ॲमस्टरडॅम ते स्टॅव्हँगर हिनेच जाते आणि मला ती मनापासून आवडते. सगळी विमानं एम्ब्रेअर या ब्राझीलच्या कंपनीची, सगळ्यात छोटं ८८ सीटचं, मोठं १३२ चं, आणि बसायला दोन-दोनच्या रांगा, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही! रात्रभर मुंबईच्या फ्लाइटमध्ये अंग आखडून बसल्यावर हे काय सुख आहे ते आईबाबांना घेऊन गेले तेव्हा कळलं, दोघं शेजारी शेजारी बसले, तिसरं कोणी नाही, बाबांना उठायचं असेल तर फक्त आईला सांगायचं. त्यातलं मोठं, नवीन १९५-ई२ मिळालं तर अजून छान, इंजिनचा आवाज खरंच कमी आहे. समोर स्क्रीन वगैरे नसते, पण दीड तासासाठी हवीय कशाला.

एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर कितीतरी वर्षं याच कंपनीची फोकर ७० ही जुनी डच बनावटीची विमानं को-पायलट म्हणून उडवायचे. हे किती नियमित चालायचं ते २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं तेव्हा लोकांना कळलं, त्याच वर्षी फोकर निवृत्त झाली. बाबांना हे सांगितलं तर ते कॉकपिटच्या दाराकडे बघतच बसले.

पण खरा फायदा तिकीट एकच असण्याचा. बॅग मुंबईत दिली की थेट शेवटच्या गावी, मधे शिपोलला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर, फक्त सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन (नॉर्विचला जात असाल तर इमिग्रेशन तिथेच). पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्या फ्लाइटवर बसवणं त्यांची जबाबदारी, आणि चूक कंपनीची असेल, हवामान वगैरे कारण नसेल, आणि शेवटच्या मुक्कामाला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर युरोपच्या नियमाप्रमाणे मुंबईपासूनचं पूर्ण अंतर धरून ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वेगवेगळी दोन स्वस्त तिकिटं काढणाऱ्यांना पुढचं विमान चुकल्याबद्दल यातलं काहीच मिळत नाही. आपल्याकडची छोट्या गावांना जाणारी अलायन्स एअर बघा, १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून सुरू झाली, २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि ही सरकारकडेच राहिली, म्हणजे मागची मोठी कंपनी गेली. छोट्या गावाच्या प्रवाशाला मागे मोठी कंपनी असणं किती कामाचं असतं हे अशा वेळी कळतं.

आता काळजी कुठे घ्यायची ते. कमी वेळाचं कनेक्शन कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, दोन तास तरी हवेतच, कारण शिपोलला पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की तिथे उतरलात तर गेटपर्यंत यायलाच पंधरा मिनिटं जाऊ शकतात, मग इमिग्रेशनची रांग वेगळी. छोट्या विमानांना टर्मिनलपासून दारापर्यंतचा पूल लागेलच असं नाही, पुष्कळदा बसने नेतात किंवा उघड्यावरून चालत जाऊन शिडी चढायची, वारा तर सोसाट्याचा असतो, म्हणून आईवडील बरोबर असतील तर जाकीट आणि कानटोपी हातातल्या बॅगेत ठेवा आणि गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा. या टप्प्यासाठी बिझनेस क्लासच्या अपग्रेडची ऑफर आली तर सोडून द्या, सीट तीच असते, फक्त शेजारची रिकामी ठेवतात आणि खाणं जरा बरं देतात.