१४ महिने, २१,००० किलोमीटर: सोलापूरच्या उन्हात ह्युंदाई आय२० एन लाइन

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी काकांनी पेढा तोंडात टाकला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "एवढ्या पैशात उंच गाडी आली असती की रे!"

त्यांचंही चूक नव्हतं. ऑनरोड तेरा लाखांच्या आत-बाहेर गेली. तेवढ्यात सोलापुरात माणूस एसयूव्ही आणतो आणि गड्ड्याच्या यात्रेत घरच्यांना तिच्यातून मिरवतो. मी आणली ती बुटकी, मागे दोन नळकांडी, आत लाल शिलाई. गियरही हातानेच टाकायचे. शेजारच्या पोराने पहिल्याच दिवशी विचारलं, "का बे, सायलेन्सर बदललास काय?" बदललेला नाही, कंपनीचाच आहे.

आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. त्यामुळे ही गाडी रविवारचं खेळणं नाही. सॅम्पलचे गठ्ठे, आईचं अक्कलकोटचं स्वामीदर्शन, महिन्यातून दोनदा पुणे, सगळं हिच्यावरच. १४ महिन्यांत २१,००० किलोमीटर झाले. घेण्याआधी ज्या गोष्टींवर रात्री जागून डोकं शिणवलं, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा आज काही संबंध उरलेला नाही.

आधी एक कबुली. ही खरी 'एन', म्हणजे ह्युंदाईची अस्सल वेगवान गाडी, नाही. युरोपात आय२० एन नावाची जी गाडी विकली गेली, तिला १.६ लिटरचं टर्बो (हवा दाबून भरणारं) इंजिन आणि २०४ पीएस ताकद. आपली एन लाइन १.० लिटर, तीन सिलिंडर, १२० पीएस, आणि ओढ (टॉर्क) १७२ न्यूटन-मीटर. हेच इंजिन पूर्वी साध्या आय२० टर्बोतही मिळायचं. वेगळं काय, तर सस्पेन्शन थोडं कडक, एक्झॉस्टचा आवाज जाडसर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि जागोजागी बिल्ले. दुधाची तहान ताकावर. पण ताक चांगलं आहे.

हे ताकच आपल्या वाट्याला का येतं, त्याचं उत्तर करात आहे. आपल्याकडे ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 'लहान' धरली जाते आणि तिला कर कमी लागतो. एक सीसी वर गेलं की हिशोब बदलला. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. १४५ बीएचपी, तीही दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम. लांबी ४ मीटरच्या आत, पण इंजिन १.४ लिटरचं, म्हणजे लहान गाडीची सवलत नाही. तरी त्या किमतीत दिली. आजवर आपल्याकडे एवढ्या पैशात एवढी ताकद कोणी दिलेली मला आठवत नाही. लोकांनी घेतली नाही, तो भाग वेगळा. सुझुकीच्या स्विफ्ट स्पोर्टची वाट बघत आमची एक पिढी पस्तिशीला आली. तिचंही १.४ लिटर, ती आलीच नाही. उरल्या त्या १.० आणि १.२ च्या टर्बो. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ला आली, २०२० ला गेली. टाटाची टियागो जेटीपी साडेसहा लाखांच्या आत मिळत होती, प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि तीही गेली. या जातीच्या गाड्यांचं आपल्याकडचं आयुष्य भाड्याच्या खोलीसारखं, अकरा महिन्यांच्या करारावर.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. अबार्थ पुंटो रांजणगावची, फोक्सवॅगनची पोलो चाकणची, टाटाची अल्ट्रोझ पिंपरीची. हौशी लोक ज्यांच्या नावाने सुस्कारे टाकतात त्यातल्या तीन गाड्या पुणे जिल्ह्यात बनलेल्या. माझीच तेवढी चेन्नईकडून आली.

आता रस्त्यावर येऊ.

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, आणि तिथे या गाडीचं काहीही कौतुक नाही. मोटारीला मर्यादा १०० ची. सहाव्या गियरला गाडी निवांत जाते, टेंभुर्णी कधी गेलं कळत नाही, भिगवणला मासे खाऊन पुढे. हे काम कुठलीही बरी गाडी करते. या गाडीचा खरा रस्ता म्हणजे वैरागवरून बार्शी.

दिवाळी सरली की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. वेग २०. समोरून एसटी येतेय. तुमच्याकडे मोकळी जागा साधारण अर्ध्या मिनिटाची. आधीच्या साध्या १.२ पेट्रोल गाडीत मी अशा वेळी एसी बंद करायचो, दुसरा गियर टाकायचो, देवाचं नाव घ्यायचो आणि तरी पुष्कळदा परत मागे यायचो. आता तिसरा गियर, पाय खाली, आणि ४० वरून ८० येईपर्यंत दोन्ही ट्रॉल्या आरशात. १७२ न्यूटन-मीटर १५०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४००० पर्यंत सपाट मिळतात, त्याचा अर्थ ब्रोशर वाचून कळत नाही, वैराग रोडला कळतो. १२० पीएसचा आकडा ६००० आरपीएमला येतो. तिथे मी १४ महिन्यांत फार तर वीसदा गेलो असेन.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सेल्समनला विचारू नका. तिसऱ्या गियरला ४० वर धरा, एसी चालू ठेवा, मागे दोन माणसं बसवा आणि पाय दाबा. जे जाणवेल तीच तुमची गाडी.

याची दुसरी बाजूही आहे. १५०० च्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं, लहान टर्बोची ही रीतच आहे. आपल्याकडे दर गावाला दोन-तीन स्पीडब्रेकर, तेही कोणी हौसेने घातलेले. ब्रेकरवरून दुसऱ्या गियरला उतरलात आणि आरपीएम पडले की गाडी क्षणभर विचार करते, मग एकदम निघते. पहिले दोन महिने बायको म्हणायची, "झटके का देताय?" आता मोठा ब्रेकर दिसला की पहिला गियर टाकतो. क्लच हलका आहे, म्हणून नवी पेठेतल्या गर्दीतही पाय दुखत नाही.

ऊन. सोलापूरचा मे महिना ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४२-४३ वर असताना दुपारी तीनला निघालं की गाडी स्पष्ट मंद वाटते. यात बिघाड काही नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, इंटरकूलर ती गार करतो, पण गार करायला त्याच्याकडे बाहेरचीच ४३ अंशांची हवा. गरम हवा विरळ, शिवाय इंजिनात नॉकिंग (इंधन भलत्या वेळी पेटणं) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. वर एसीचा भार. तीच गाडी पहाटे साडेपाचला हिप्परग्याच्या तलावाशेजारून तुळजापूरला निघाली की कोणी रात्रीत इंजिन बदललं असं वाटतं. माझी टेस्ट ड्राइव्ह जानेवारीच्या सकाळची होती. तुम्ही एप्रिलच्या दुपारी मागा. महामार्गावरून आल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर मी हळू चालवतो, म्हणजे टर्बोमधलं तेल तापून करपत नाही. आताच्या गाड्यांत त्याची तेवढी गरज राहिलेली नाही म्हणतात. असो, जुनी खोड.

मायलेज: शहरात ११-१२, पुण्याला ९०-१०० ने गेलो तर १७, आणि तुळजापूरच्या पहाटेला ९ च्या वर बघू नये. टाकी ३७ लिटरचीच आहे. पुणे जाऊन-येऊन भागतं, पण परतीला मोहोळनंतर डोळा काट्यावर जातो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल लोक बोटं मोडतात. लिटरमागे इथेनॉलात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे थोडं मायलेज पडणारच. उलट त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, जास्त, ते टर्बोला बरं. मला गंमत वेगळीच वाटते. ज्या ट्रॉलीला ओलांडायला मी जिवाचा आटापिटा करतो, त्याच उसाची मळी पुढे माझ्या टाकीत येते. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने इथेनॉलला नावं तरी कुठल्या तोंडाने ठेवायची?

तुलनेसाठी माझ्याकडे दोन गाड्या हक्काच्या आहेत. डॉक्टर मित्राची २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आणि मावसभावाची अल्ट्रोझ रेसर. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही तिघं पहाटे निघतो आणि तुळजापूरला चहा घेऊन किल्ल्या बदलतो. शर्यत नाही. तिघांनाही घरी पोरंबाळं आहेत आणि घाटात माकडं.

पोलो कागदावर पीएसमध्ये सगळ्यात कमजोर. १.२ लिटर, १०५ पीएस, न्यूटन-मीटर मात्र १७५, तिघींत जास्त. तरी मी तिच्यात बसलो की काही मिनिटं गप्प होतो. चार सिलिंडर असल्याने इंजिन लोण्यासारखं फिरतं. डीएसजी हा सात गियरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गियर कधी बदलतो ते कानाला कळतं, अंगाला नाही. आणि स्टिअरिंग! तुळजापूरचा घाट म्हणजे काही आंबेनळी नव्हे, पण जी चार वळणं आहेत त्यांत पोलो रुळावरून गेल्यासारखी जाते. पुढचं चाक कुठे आहे हे बोटांना कळत राहतं. माझ्या गाडीचं स्टिअरिंग साध्या आय२० पेक्षा जड केलंय हे खरं, पण ते वजन नुसतं वजनच आहे, त्यातून बातमी कमी येते. पोलोचं दार लागल्याचा आवाज ऐकून काकाही म्हणाले, "ही गाडी हाय बघ." मागच्या सीटवर मात्र डॉक्टरांच्या सासूबाई एकदाच बसल्या. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, आता जुनीच शोधावी लागेल. डीएसजीवाली घेत असाल तर एक लक्षात ठेवा. त्या गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले नसतात, कोरडे असतात. गर्दीत इंच-इंच सरकत राहिलं की ते तापतात. आधीच्या मालकाने ती विजापूर वेशीच्या गर्दीत चालवली की महामार्गावर, हे मीटरपेक्षा महत्त्वाचं. सर्व्हिसचे कागद नसतील तर लोभ सोडा.

रेसर म्हणजे दुसरं टोक. १.२ लिटर टर्बो, १२० पीएस, १७० न्यूटन-मीटर, सहा गियर मॅन्युअल, आणि २०२४ ला साडेनऊ लाखांपासून सुरू. आकड्यांत माझ्याशी बरोबरी, किमतीत माझ्यावर कडी. भगव्या रंगावर काळं बॉनेट, त्यावर पांढरे पट्टे. सात रस्ता चौकात सिग्नलला थांबली की रिक्षावाले मान वळवतात. खड्ड्यांवर ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी मावसभावासमोर कबूल करत नाही, इथे करतो. दारं ९० अंशांत उघडतात, माझ्या आईचा तिच्यावर जीव त्यामुळेच. आणि त्याच्या व्हेरियंटला पुढच्या सीटमधून गार हवा येते. मे महिन्यात ही एक गोष्ट बाकी सगळ्या तुलनेवर पाणी फिरवते.

मग मी ती का घेतली नाही? इंजिनामुळे. ती ओढते छान, पण वर फिरवताना खळखळते, तिला ते आवडत नाही असं वाटतं. माझं तीन सिलिंडरचं इंजिन ४००० च्या पुढे गुणगुणायला लागतं, अजून मागा म्हणतं. आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाडीला रेसर हे नाव मला पटत नाही. भाऊ म्हणतो, "ब्रेक दाबायला तू आधी पुढं तर जा." चालायचंच.

टायरवरून मात्र मी अजून अडलोय. कंपनीचे १९५/५५ आर१६ आहेत, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि टायरची भिंत तिच्या ५५ टक्के, जेमतेम १०७ मिलिमीटर. पावसाळ्यात होटगी रोडला पाण्याखालचा एक खड्डा चुकला नाही आणि डाव्या अलॉयची कड वाकली. एका टायरवाल्याने हातोडीने सरळ करून दिली. दोन आठवड्यांनी ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं, शेवटी नवीन अलॉय घेतलं. आता सगळे म्हणतात २०५/५५ टाक. भिंत साडेपाच मिलिमीटर वाढेल, खड्डा थोडा सोसेल, पण चाकाचा व्यास पावणेदोन टक्के वाढतो. मीटर तेवढाच कमी दाखवणार, आणि तिसऱ्या गियरची ती ट्रॉली ओलांडणारी चपळाई थोडी का होईना मंदावणार. ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली तीच टायरवाल्याला कशाला देऊ?

कडक सस्पेन्शनचं म्हणाल तर पुढे बसणाऱ्याला सवय होते. मागे आई सध्या आमच्याच कारखान्यातला टॉवेल चार घड्या करून सीटवर घालते आणि गाडीला काहीही बोलत नाही. मला बोलते.

गेले दोन महिने पुढच्या काचेच्या डाव्या खांबातून कुरकुर येत होती. गाडीलाच शिव्या देत होतो. शनिवारी उघडून बघितलं तर डॅशकॅम बसवताना अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने वायर क्लिपात न अडकवता नुसती कोंबलेली. दहा रुपयांची फोमची पट्टी लावली, आवाज गेला. रविवारी तिघं निघालो, तर वाटेत भाऊ म्हणाला, "तुझ्या गाडीत आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय बे."