गॅझेटियर, टोपोशीट, जनगणना पुस्तिका: सोलापूरच्या लहान गावासाठी कितपत कामाची?

सोलापूर जिल्ह्यातल्या दीडदोनशे उंबऱ्यांच्या गावाचा इतिहास-भूगोल काढायचा तर चार सरकारी साधनं हाताशी आहेत. १८८४चं गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, १९७७चं सुधारित गॅझेटियर, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा म्हणजे टोपोशीट, आणि २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. चारही घरबसल्या मिळतात. पण बहुतेक जण ती उलट्या क्रमाने उघडतात. आधी गॅझेटियर, त्यात गावाचं नाव नाही, मग ‘आमच्या गावाला इतिहासच नाही’ म्हणून विषय बंद. सुरुवात नकाशापासून करावी.

टोपोशीट (उपयोगाला पाचपैकी साडेचार गुण)

सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफ उतरवता येते. शीटचा नंबर माहीत असला की काम झटपट होतं. सोलापूर शहर जुन्या क्रमांकात ४७ ओ/१४, नव्यात ई ४३ ओ १४. त्याच्या लगत वर १३, खाली १५. दक्षिण सोलापूरचा भीमाकाठ हवा तर १५ नंबरची शीट. प्रत्येक शीट १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश व्यापते, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने. गाव शीटच्या काठावर असेल तर शेजारची शीटही लागतेच.

लहान गावासाठी इतकं बोलकं दुसरं काही नाही. वस्तीवरची घरं, विहिरी, देवळं, पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे, बैलगाडीची वाट, आणि उठून गेलेल्या गावठाणाचं वेगळं चिन्ह. ओढ्याच्या काठाशी ‘३ आर’ असं काही दिसलं तर ती उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे, काठ-तळातला फरक, म्हणजे ३ मीटर. ही चूक सर्रास होते.

दोष दोन. पहिला नावांचा: इंग्रजी लिपीतून उलटं मराठी करताना वाडीचं नाव ओळखू येईनासं होतं, ते गावात विचारूनच पक्कं करावं. दुसरा जास्त त्रासाचा. जुनी शीट एव्हरेस्ट प्रमाणावर आणि नवी डब्ल्यूजीएस ८४ वर आहे, म्हणजे दोन्हींत अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार वेगळा. जुन्या शीटवरून काढलेले अक्षांश-रेखांश मोबाईलमध्ये तसेच टाकले तर देऊळ शंभर-दोनशे मीटर सरकतं, कधी थेट ओढ्यात जातं.

जुन्या शीटचा खरा उपयोग उजनीकाठी कळतो. १९८०मध्ये धरण झालं आणि करमाळा-माढ्याकडची भीमाकाठची गावं उठली. नाव तेच राहिलं, जागा बदलली. धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती, ४९६.८३ मीटर. म्हणून जुन्या शीटवर ५०० मीटरची रेषा रंगीत पेन्सिलीने गिरवा. तिच्या आत पडलेलं गावठाण पाण्याखाली गेलं असण्याचा दाट संभव. या पट्ट्यातल्या गावाचं १८८४चं वर्णन आजच्या जागेला चिकटवणं चूक.

दोन्ही गॅझेटियरं (१८८४ला चार, १९७७ला तीन)

१८८४चा विसावा खंड दर्शनिका (म्हणजे गॅझेटियर) विभागाने नव्याने उपलब्ध करून दिला आहे, स्कॅनही सापडतात. स्कॅनमध्ये शब्द शोधू नका, अनुक्रमणिका वापरा. स्वरांवर तिरक्या रेघा असल्यामुळे यंत्र अक्षरं चुकीची वाचतं.

त्याआधी त्या काळचा जिल्हा डोळ्यांसमोर हवा. तेव्हा तालुके सात: बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला, सोलापूर. आज अकरा आहेत. अक्कलकोट संस्थान वेगळं, मंगळवेढा सांगलीकर पटवर्धनांकडे. त्या बाजूच्या गावाची नोंद या खंडात न सापडणं हा गावाचा दोष नाही. मोहोळ तालुका नव्हता, उत्तर-दक्षिण सोलापूर ही फोडही नंतरची.

गावांच्या प्रकरणात फक्त बाजाराची, देवळाची, किल्ल्याची गावं येतात. लहान गावाचं हाती लागतं ते ‘जमीन’ आणि ‘शेती’ या प्रकरणांत: पट्टीचे दर, जमिनीची प्रत, १८७६-७७चा दुष्काळ, तलावांची कामं. तिथे गावाचं नाव नसेल, पण त्या गावाची माती कशी आणि सारा का कमी, ते कळतं. १९७७चं पुस्तक सिंचन, सहकार यांत भरीव. गावांच्या बाबतीत बरंचसं जुन्याचीच री ओढतं.

दोन्हींची मर्यादा हत्तरसंग-कुडलला उघडी पडते. भीमा-सीनेच्या संगमावरचं, कर्नाटकच्या वेशीलगतचं हे विरळ वस्तीचं ठिकाण. तिथला शके ९४० (इ.स. १०१८) चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत धरला जातो, सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी त्याचा अभ्यास केला. हरिहरेश्वर मंदिरातलं बहुमुखी शिवलिंग तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मातीतून वर आलं. १९७७च्या पुस्तकात ते कुठून असणार?

जनगणना पुस्तिका (साडेतीन)

दोन भाग: ‘अ’मध्ये गावातल्या सोयी, ‘ब’मध्ये लोकसंख्या. सोय गावात नसेल तर अंतराचं अक्षर असतं: ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी ५ ते १०, सी १०च्या पुढे. मोठी गोम अशी की एकक महसुली गाव आहे. वाडी, वस्ती, तांडा यांची वेगळी ओळ नाही, माणसं मूळ गावात मोजली जातात. वाडीची लोकसंख्या हवी तर ग्रामपंचायत किंवा अंगणवाडीचं रजिस्टर. शून्य लोकसंख्येची ओळ दिसली तर छपाईची चूक समजू नका, ते बेचिराख, म्हणजे ओसाड गाव. टोपोशीटवर त्याची पांढरी (जुन्या वस्तीची जागा) शोधा.

आणि भूमी अभिलेख

सातबारा ऑनलाईन आहे, पण इतिहासासाठी तो उथळ. गट नंबर एकत्रीकरणानंतरचे, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र केल्यानंतरचे, १९४७च्या कायद्याखालचे. त्यामागचा सर्व्हे नंबर कळायला एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) उतारा लागतो, तो तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून काढावा. तिथेच टिपण (मोजणीची मूळ नोंद) आणि फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) मागा. जुन्या टिपणात मापं साखळी-आण्यात असतात: साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, एक साखळी चौरस म्हणजे १ गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. अर्जात गावाचं नाव, जुना तालुका आणि सर्व्हे नंबर तिन्ही लिहा. नुसता गट नंबर लिहिला की अर्ज हमखास परत येतो.