चॉपी लाटांसाठी सप बोर्ड किती मापाचा घ्यावा: एका हंगामाच्या वापरानंतर

बेळगावहून किनाऱ्यावर जाऊन सप, म्हणजे उभं राहून पॅडलने वल्हवायचा बोर्ड, चालवणाऱ्याने बोर्डाचं माप आधी घड्याळ बघून ठरवावं, वजनकाटा नंतर. चोर्ला घाटातून उत्तर गोव्याचा किनारा गाठायला तीन-साडेतीन तास जातात, आंबोलीतून शिरोडा-वेंगुर्ल्याकडे उतरलं तरी जवळपास तेवढेच. पहाटे निघालं तरी बोर्ड टपावरून उतरवून, फिन (बोर्डाखालचे पर) लावून पाण्यात शिरेपर्यंत नऊ वाजतात. मतलई वारा तोवर पडत आलेला असतो, आणि अकराच्या सुमाराला खारा वारा वायव्येकडून जोर धरतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला सकाळी सहाला मिळणारं गुळगुळीत पाणी आपल्या वाट्याला क्वचितच येतं. आपल्याला मिळतो तो चॉप: वाऱ्याने विस्कटलेल्या, चार-पाच सेकंदांनी येणाऱ्या, एकमेकींत घुसणाऱ्या आखूड लाटा.

इंटरनेटवरचे मापांचे तक्ते मात्र दोनच टोकांचे असतात. एक तलावातल्या शांत पाण्यासाठी, दुसरा स्वच्छ, लांब लाटांवर सर्फ करणाऱ्यांसाठी. पहिल्या तक्त्यातला बोर्ड चॉपमध्ये फार मोठा पडतो, दुसऱ्यातला फार छोटा. ऑक्टोबर ते मे या काळात तीन बोर्ड 62, 78 आणि 95 किलो वजनाच्या माणसांनी आलटून पालटून वापरले, त्यावरून हे लिहिलंय. तिघेही उभं राहून लाट पकडता येणारे, पण पट्टीचे सर्फर नव्हेत.

तीन बोर्ड असे. पहिला हवेचा, 10 फूट 6 इंच लांब, 32 इंच रुंद, 6 इंच जाड, सुमारे 300 लिटर. दुसरा इपॉक्सीचा, म्हणजे आत फोम असलेला कडक बोर्ड, 9 फूट × 31 इंच × 4.4 इंच, 138 लिटर. तिसरा इपॉक्सीचाच, 8 फूट 6 इंच × 29.5 इंच × 4.1 इंच, 115 लिटर.

आधी लिटरचा हिशोब, कारण खरी गोची तिथेच आहे. 78 किलोचा माणूस, 9-10 किलोचा बोर्ड, वर लाइफ जॅकेट, लीश (पायाला बोर्ड बांधणारी दोरी) आणि ओले कपडे धरून 3 किलो, असे साधारण 90 किलो होतात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणून एवढं वजन तोलायला 88 लिटर बोर्ड पाण्याखाली जावा लागतो. 115 लिटरच्या बोर्डात मग शिल्लक उरते 27 लिटर. शांत पाण्यात तेवढी चालते. चॉपमध्ये बाजूने आलेली प्रत्येक लाट डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, चढते, पायाखाली पाणी खेळतं, एक रेल (बोर्डाची बाजूची कड) बुडाली की बोर्ड त्या बाजूला ओढला जातो आणि सावरायला वेळच मिळत नाही. 138 लिटरमध्ये 50 लिटर शिल्लक राहते, रेल बुडाली तरी परत वर येते. 300 लिटरच्या हवेच्या बोर्डात शिल्लक 200 लिटरच्या वर. हे ऐकायला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात तो पाण्यात बसतच नाही, रिकाम्या कॅनसारखा वर नाचतो. माणूस पाण्याच्या पातळीपासून चार-पाच इंच उंच उभा, त्यामुळे प्रत्येक हेलकावा गुडघ्यांपर्यंत मोठा होऊन येतो, आणि वारा बोर्डाच्या बाजूला लागून तोंड फिरवतो ते वेगळंच.

तेव्हा लाटा पकडता येतात पण चॉपमध्ये तोल जातो अशा माणसाने वजनाच्या 1.6 ते 1.8 पट लिटर धरावेत. 62 किलोला 100 ते 112, 78 किलोला 125 ते 140, 95 किलोला 152 ते 170. अगदी नवख्याने दुपटीपर्यंत जावं, त्यापुढे नको. हात बसला की 1.4 पट पुरतात. पण बेळगावकराचं पाण्यात जाणं महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारचं, हात बसायला वेळ लागतो. लवकर छोटा बोर्ड घेण्याची घाई करू नये.

विक्रेता बऱ्याचदा लिटर सांगत नाही, किंवा 'शंभर किलोपर्यंत चालतो' एवढंच सांगतो. हा आकडा बोर्ड बुडत नाही एवढ्यापुरता, उभं राहता येईल याची हमी नव्हे. टेप घेऊन लांबी, सगळ्यात रुंद जागेची रुंदी आणि मधली जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा, मग 0.57 ने गुणा. आमचा मधला बोर्ड 274 × 79 × 11.2, म्हणजे 242, आणि त्याला 0.57 ने गुणून 138. हवेचा बोर्ड सगळीकडे सारखाच जाड असतो, म्हणून तिथे 0.75 धरा. पाच-सात लिटर इकडे तिकडे होतील, पण वीस लिटरची फेकाफेक पकडली जाते.

लिटर जुळले तरी काम संपत नाही. चॉपमध्ये तोल देते ती रुंदी, आणि तीसुद्धा मधली नव्हे, टोकांकडची. दोन बोर्ड 31 इंची असतील, पण एकाचं नाक (पुढचं टोक) टोकदार आणि टेल (मागचं टोक) निमुळतं, दुसऱ्याच्या बाजू जवळजवळ समांतर, तर उभं राहिल्यावर दुसरा एक नंबर मोठा वाटतो. टेलच्या टोकापासून एक फूट आत टेप आडवी धरा. 19-20 इंच भरले तर पाय मागे घेऊन वळताना बोर्ड बसकण मारत नाही. 16-17 असेल तर तो जोरदार लाटेचा, कसलेल्या माणसाचा बोर्ड, चॉपचा नव्हे. मधली रुंदी 62 किलोला 29-30, 78 किलोला 30-31 आणि 95 किलोला 32 इंच पुरते. 33-34 इंच घेतलं की पॅडल उभं पाण्यात जात नाही, हात बाहेर पसरतो, आणि दर फटक्याला बोर्ड उलट्या बाजूला वळतो.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. साडेआठ ते साडेनऊ फुटांत सगळं बसतं. दहाच्या पुढे गेलं की आखूड, उभ्या लाटेवर उतरताना नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं, कारण लांब बोर्ड बहुधा पुढून सपाट असतात. नाकाला वर उचल हवीच. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून नाकाचं टोक किती वर राहतं ते बघा, चार इंचांच्या आत असेल तर गोव्यात पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर फुटणाऱ्या लाटांत तो सारखा बुडी मारणार.

रेलची जाडी दुकानात कुणी बघत नाही, आणि फरक तिथेच पडतो. आमच्या 8 फूट 6 इंचीची रेल बारीक होती. लाटेच्या तोंडावर ती छान चावते, पण आडव्या चॉपमध्ये तीच रेल अचानक पाणी पकडते आणि माणूस पुढच्या बाजूला फेकला जातो. मधल्या बोर्डाची रेल मध्यभागी भरलेली आणि टेलकडे बारीक होत गेलेली, हे हवं. हवेच्या बोर्डाची रेल गोल नळीसारखी असल्याने लाटेवर ती चावतच नाही, घसरते. फेसाळ पाण्यात सरळ येण्यापलीकडे त्यावर सर्फिंग होत नाही, 4.7 इंच जाडीचा घेतला तर थोडं बरं.

माप बरोबर आहे का हे विकत घेण्याआधी कळतं. कुणाचा तरी बोर्ड मागून, लाटा फुटतात त्याच्या बाहेर जा, बोर्ड लाटांना आडवा करा आणि पॅडल न मारता, फक्त पातं पाण्यात टेकवून उभे राहा. वीस सेकंद निघाले तर माप जुळलं. पडत नाही पण घोटे सतत पाण्यात आहेत तर लिटर कमी. घोटे कोरडे आहेत पण कंबर सतत हलतेय तर लिटर जास्त किंवा रुंदी कमी. ही चाचणी दमल्यावर करा, ताजं असताना सगळेच बोर्ड बरे वाटतात.

हिडकल धरणावर चाचणी करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोड्या पाण्यात तोच माणूस दोन लिटर जास्त खाली बसतो, हा फरक किरकोळ. दुसरी जास्त महत्त्वाची. धरणावरचा चॉप दोन सेकंदांचा, म्हणजे लाटेच्या दोन माथ्यांत जेमतेम सहा मीटर, आणि दगडी बांधावरून उलटून येणाऱ्या लाटा त्यात मिसळतात. तिथे पाय हलले म्हणजे समुद्रातही हलतील असं नाही. पाटबंधारे खात्याच्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि राकसकोप शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथे विचारही नको.

फिनबाबत थोडक्यात. चॉपसाठी मधलं मोठं आणि बाजूला दोन छोटी ही रचना. मधलं 7 ते 8 इंच. चार फिनांची रचना लाटेवर सैल आणि वेगवान, पण उभं राहून वाट बघताना टेल डुगडुगतं. फिनचे स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेसचे बदलून घ्या, सोबत येणारे एका हंगामात गंजून बॉक्समध्ये अडकतात. लीश सरळ, बोर्डाएवढी किंवा फूटभर जास्त. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश तलावासाठी असते, लाटेत ती ताणून बोर्ड परत तोंडावर आणते.

पॅडल तलावात उंचीपेक्षा 20-25 सेंटिमीटर जास्त धरतात. चॉपमध्ये गुडघे वाकलेले असतात, म्हणून 12 ते 15 पुरे. लांब पॅडलने खांदा वर जातो आणि तोलही. सरकतं पॅडल असेल तर नळीच्या सांध्यात वाळू जाते आणि क्लॅम्प घसरतो, परतताना सांधा उघडून गोड्या पाण्यात बुडवून काढा.

आता घाटाची गोष्ट, जी गोव्याच्या दुकानदाराला सांगायची गरजच पडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सव्वा पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) कमी. घरी 15 पीएसआय भरून टपावर बांधलेला हवेचा बोर्ड खाली पोचल्यावर 13.7 दाखवतो. भोक शोधत बसू नका, तिथे पुन्हा भरा. उलट प्रवास धोक्याचा. किनाऱ्यावर 15 भरून तसाच वर आणला की 16 च्या पुढे, आणि 25 अंशांवर भरलेला बोर्ड टपावर 50 अंशांपर्यंत तापला तर आणखी अडीच पीएसआय. शिवणीचा गोंद इथेच सुटतो. निघण्याआधी हवा निम्मी सोडावी. इपॉक्सी बोर्डाला डेकवर हवा सोडणारा छोटा स्क्रू असतो. आपोआप काम करणारा असेल तर प्रश्न नाही. हाताने उघडायचा असेल तर घाट चढताना-उतरताना उघडा आणि पाण्यात जाण्याआधी घट्ट बंद. बंद ठेवून घाट चढला तर डेकवर फुगवटा येऊ शकतो, उघडा ठेवून पाण्यात गेला तर गाभा पाणी पितो.

टपावर पट्टे फार आवळू नका. तापलेल्या इपॉक्सीवर पट्ट्याच्या जागी कायमचा खळगा पडतो, चोर्ल्याच्या खड्ड्यांनी तर हमखास.

तडा गेला तर तो बोर्ड त्याच क्षणी पाण्याबाहेर. आतला फोम थर्माकोलच्या जातीचा, पाणी शोषतो. उभा करून, तडा खाली ठेवून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करणारा सापडला तर काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: रेझिन कुठलं? टाक्या आणि छपरांसाठी वापरतात ते पॉलिस्टर रेझिन, त्यातलं स्टायरिन हा फोम विरघळवतं, आणि बोटभर तड्याची हातभर पोकळी होते. इपॉक्सीच हवं, मोजून मिसळलेलं.

जागेबद्दल. उत्तर गोव्यात केरीला तेरेखोल नदीच्या मुखाजवळ ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत असला की लाटा उभ्या होतात. तिथे 115 लिटरचा बोर्ड घेऊन जाऊ नये, आणि नवख्याने कुठलाच. मोरजी-आश्वेपेक्षा कारवारचं आखात निवांत, मधल्या बोर्डावर सराव करायला चांगलं. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे असतील तिथून दोनशे मीटर लांब राहा, जाळ्याचा दोर फिनमध्ये अडकला तर नुकसान त्यांचं जास्त. जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजायचा. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असतानाही दूरवरून लांब, जड लाटा येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा समुद्र-अंदाज बघा. लाटांचं अंतर बारा सेकंदांच्या वर दिसलं तर चॉपसाठी घेतलेला रुंद बोर्ड त्या दिवशी जड जाईल.

एकच बोर्ड घ्यायचा झाला तर 78 किलोच्या माणसाला 9 फूट × 31 इंच, 138 लिटर. 62 किलोच्या माणसाला हाच बोर्ड वाऱ्यात आवरला नाही, त्याला 8 फूट 6 इंचीचा 115 लिटरचा बरोबर बसला. 95 किलोला आमच्या तिन्हींपैकी एकही जुळला नाही. त्याने 9 फूट 6 इंच × 32 इंच × 4.6 इंच, 160 लिटरच्या आसपासचा शोधावा. असा बोर्ड 10-11 किलोचा भरतो आणि 32 इंच रुंदी बगलेत मावत नाही, म्हणून डेकवरची मूठ खोल आणि बोर्डाच्या बरोबर तोलबिंदूवर आहे ना, ते उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.