थेंबांनी पाणी तपासण्याचा संच : गोल्डफिशच्या आजारपणातला सहा आठवड्यांचा अनुभव

आमच्या टाकीतला गोल्डफिश चार वर्षांचा आहे. एरवी कोणी काचेजवळ गेले की तोंडाची उघडझाप करीत समोर येणारा हा मासा एके दिवशी सकाळी कोपऱ्यात तळाशी बसलेला दिसला. पाठीवरचा पर मिटलेला होता, शेपटीत बारीक तांबड्या रेषा उमटल्या होत्या आणि कल्ले नेहमीपेक्षा भराभर हलत होते. खाणे टाकले तरी तो वर आला नाही. घरात जवळपास सगळ्या आजारांवर चालते म्हणून घेतलेली एक निळ्या औषधाची बाटली होती आणि माझा हात पहिल्यांदा तिच्याकडेच गेला. ती न उघडता मी आधी पाणी तपासले, याचे श्रेय या संचाला द्यावे लागेल, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

त्याआधी मी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या वापरत असे. पट्टी पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचे आणि चौकोनांचे रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहायचे. त्या दिवशीही पट्टीवरचे सगळे चौकोन ठीक होते. नंतर डबी नीट वाचली तेव्हा लक्षात आले की पीएच, क्षारता, जडपणा, नायट्राइट आणि नायट्रेट यांचे चौकोन त्यावर होते, पण अमोनियाचा नव्हता. गोल्डफिश आजारी दिसला की जी गोष्ट सर्वांत आधी पाहायची, नेमकी तीच त्या पट्टीला दिसत नव्हती.

या संचात सहा बाटल्या, झाकणाच्या चार काचनळ्या आणि एक रंगपत्रक मिळते. अमोनियासाठी नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीचे आठ आणि दुसरीचे आठ थेंब टाकायचे, हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही. जितके हिरवे होईल तितका तो जास्त. माझ्या नळीतला पिवळा रंग मिनिटभरही टिकला नाही. पाच मिनिटांनी पत्रकाशी जुळला तो गडद हिरवा रंग लिटरला 2 मिलिग्रॅमचा होता आणि पीएच 7.8 आला.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. तीन दिवसांपूर्वी मीच फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला होता. माशाच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजातच वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने आणि माझ्या स्वच्छतेच्या उत्साहाने ती वस्ती उठली. पाण्यातच अमोनिया साचला की माशाच्या अंगातला अमोनिया बाहेर पडणे अवघड होते, कल्ले होरपळतात, आणि वरून पाहणाऱ्याला फक्त सुस्त बसलेला मासा दिसतो. मेथिलीन ब्लूसारखी निळी औषधे फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतात. म्हणजे मी ती बाटली रिकामी केली असती, तर उरलेसुरले जिवाणूही गेले असते.

संचाची पहिली मोठी उणीव इथेच जाणवली. तो एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला विषारी मुक्त अमोनिया किती आणि त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम किती, हे सांगत नाही. हे प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरते. पाणी 25 अंशांवर असेल तर पीएच 7 असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तर पीएच 8 असताना तोच भाग पाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. एकाच हिरव्या छटेचा अर्थ दोन टाक्यांत इतका वेगळा होऊ शकतो, आणि पीएचची बाटली संचातच असूनही माहितीपत्रकात याविषयी एक ओळदेखील नाही. शिवाय क्लोरिन घालवणारी काही द्रावणे अमोनियाला तात्पुरते बांधून ठेवतात, पण चाचणी तो बांधलेला अमोनियाही मोजते. असे द्रावण टाकल्यावर रंग हिरवाच राहिलेला पाहून मी उगाच हादरलो होतो.

पुढचे उपचार औषधाविना झाले. तापमान जुळवलेल्या आणि क्लोरिन काढलेल्या पाण्याने रोज निम्मी टाकी बदलली, हवेचा पंप चालू ठेवला, दिवा बंद केला आणि दोन दिवस खाणे पूर्ण थांबवले. निम्मे पाणी बदलले की 2 चा 1 होतो, हे गणित सोपे आहे. पण मासा दिवसभर भर घालतच असतो, म्हणून दुसऱ्या सकाळी नळी पुन्हा तपासावीच लागते. तिसऱ्या दिवशी पाठीवरचा पर अर्धा उघडला. पाचव्या दिवशी आकडा 0.5 वर आला आणि मासा खाण्यासाठी वर आला, तेव्हा मी दोन दाणे टाकून तिथेच थांबलो. आपल्याला आणखी चार टाकावेसे वाटतात, पण ज्याला जठरच नाही अशा या प्राण्याच्या पोटात गेलेले बरेचसे थोड्या वेळात पाण्यातच येते.

दुसऱ्या आठवड्यात मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. अमोनिया जवळजवळ शून्य होता, पण नायट्राइटची नळी जांभळी झाली. अमोनिया खाणारे जिवाणू आधी सावरतात आणि नायट्राइट खाणारे मागून येतात, त्यामुळे मधले काही दिवस असे जातात. नायट्राइट रक्तात शिरले की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाणी बदलणे चालूच होते. त्याच्या जोडीला लिटरला 1 ग्रॅम साधे, आयोडीन नसलेले मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे सोडले. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत जाण्याच्या वाटेवर नायट्राइटला अडवतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धाप बरीच ओसरली होती. नायट्राइटच्या चाचणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. निळा आणि जांभळा यांत गोंधळ होत नाही.

नायट्रेटची चाचणी मात्र सहनशक्ती पाहणारी आहे. दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी घट्ट बसतो, आणि ती टेबलावर आपटून अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर नळी खोटी पिवळी राहते. पत्रकावर यासाठी ‘चांगले हलवा’ एवढेच दोन शब्द आहेत. पहिले तीन आठवडे मी नायट्रेट शून्य समजत होतो ते यामुळेच. सगळ्या बाटल्यांची झाकणे एकसारखी पांढरी असल्याने ती अदलाबदल होण्याची भीती आहे. मी त्यांवर शाईने आकडे घातले. नळ्यांची झाकणे ठिबकतात, पण म्हणून बोट लावून नळी हलवू नये, कारण द्रावण त्वचेला चांगले नाही आणि बोटावरचा अंश निकालही बिघडवतो. थेंब पाडताना बाटली उभी धरली नाही तर थेंब लहानमोठे पडतात. अमोनियाच्या अगदी कमी पातळीवर पिवळा आणि पोपटी ओळखणे रात्रीच्या दिव्यात मला कधीच जमले नाही. खिडकीपाशी, पांढऱ्या कागदासमोर नळी धरली की जमते.

तिसऱ्या आठवड्यात माशाच्या पोटापाशी आणि परांच्या कडांना काळे डाग उठले. संच यावर गप्पच राहणार होता. अमोनियाने होरपळलेली जागा भरून येताना गोल्डफिशमध्ये असा काळा रंग बऱ्याचदा दिसतो, आणि आता ते डाग फिके होत आहेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, जखम, कापसासारखी बुरशी किंवा पाइनच्या फळासारखे उभे राहिलेले खवले यांपैकी काही असेल, तर नळ्यांचे रंग कितीही चांगले आले तरी माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच जावे लागेल.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 20 आले. आता मी आठवड्यातून एकदा तपासतो, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळतो. पट्ट्यांच्या तुलनेत हा संच महाग पडतो आणि प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटे खातो. तरीही नव्या टाकीत पहिला मासा सोडण्याआधी तो घ्यावा असे मी म्हणेन, कारण मासा तळाशी बसल्यावर खरेदीला निघालो तर मधला एक दिवस त्याच्याच अंगावर जातो. अमोनियाच्या दोन बाटल्या अर्ध्या झाल्या आहेत. त्यांवर मुदतीची तारीख आहे, जी मी विकत घेताना पाहिलीच नव्हती. पुढची जोडी घेताना आधी तीच पाहीन.