गुणगौरव, करिअर मार्गदर्शन आणि अकरावीचा अर्ज : लातुरातील एका खासगी केंद्राच्या सेवेबद्दल

दहावीचा निकाल लागला की लातुरात गुणवंतांच्या सत्काराचे फलक चौकाचौकांत लागतात आणि त्यांतील बहुतेक फलकांमागे एखादी शिकवणी, अभ्यासिका किंवा मार्गदर्शन केंद्र असते. १३ मे २०२५ रोजी निकाल जाहीर झाल्यानंतर असेच एक निमंत्रण माझ्या पुतणीच्या नावाने घरी आले. तिला ९४ टक्क्यांहून थोडे अधिक गुण मिळाले होते. सत्कार मोफत होता; त्यानंतरचे वैयक्तिक मार्गदर्शन आणि अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरून देणे यांसाठी मिळून २,००० रुपये शुल्क होते. अशी केंद्रे शहरात बरीच आहेत आणि त्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून नाव न देता सेवेचे तीन भाग जसे अनुभवाला आले तसे मांडतो.

सत्कार नेटका होता. वेळेवर सुरू झाला, भाषणे आटोपशीर होती आणि उकाड्यात पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम होती. मात्र ९५ टक्क्यांच्या वरच्या मुलांना फेटा, शाल व स्मृतिचिन्ह आणि त्याखालच्यांना गुलाबपुष्प व प्रमाणपत्र अशी विभागणी केलेली होती, आणि बसण्याच्या रांगाही त्याच हिशेबाने लावलेल्या होत्या. ज्या वर्षी राज्यात १०० टक्के मिळवणाऱ्या २११ विद्यार्थ्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतले होते, त्या वर्षी इथे ९४ टक्क्यांना चौथी रांग मिळाली यात नवल नाही. परंतु या टक्क्यांत सहापैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात आणि चित्रकलेच्या परीक्षा, लोककला व खेळ यांचे वाढीव गुणही मिळवले जातात, हे आयोजकांना ठाऊक असणारच. ज्या खेड्यातल्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तिथल्या मुलाचे ९४ आणि शहरातल्या मुलाचे ९६ यांत फेट्याएवढे अंतर असते असे मला वाटत नाही.

प्रत्येक मुलाने ध्वनिक्षेपकावर येऊन नाव, गुण आणि पुढील ध्येय सांगायचे होते. व्यासपीठाकडे जाण्याआधी स्वयंसेवक मुलांच्या हातात एक चिठ्ठी देत होता, तिच्यावर ‘माझे ध्येय’ असे छापून पुढे डॉक्टर, अभियंता आणि इतर असे तीन चौकोन केलेले होते. एकामागून एक मुले ‘डॉक्टर’ म्हणत गेली. माझ्या पुतणीने ‘इतर’वर खूण करून ‘पशुवैद्यक’ असे सांगितले, तेव्हा निवेदकाने ‘अरे वा, वेगळा विचार!’ असे म्हणून पुढचे नाव पुकारले. औसा तालुक्यात आमच्याकडे घरटी दोन-तीन जनावरे आहेत आणि दुधाची डेअरी दारात आहे, त्यामुळे हा विचार आम्हाला तरी वेगळा वाटलेला नव्हता.

वैयक्तिक मार्गदर्शन हा या सेवेचा सर्वांत दुबळा भाग ठरला. समुपदेशक बोलायला गोड होते, तथापि त्यांच्याजवळचा नकाशा दोनच रस्त्यांचा होता, एक नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) आणि दुसरा जेईई (अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा), आणि दोन्ही रस्ते त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या वर्गात जात होते. पशुवैद्यकाचे नाव काढताच ‘एमबीबीएसला नंबर नाही लागला तर ते आहेच की’ असे उत्तर आले. ही पदवी साडेपाच वर्षांची असते, तिचा प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो आणि उदगीरला शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आम्हीच त्यांना सांगितले. वैद्यकीय महाविद्यालयांची जी यादी त्यांनी पुढे ठेवली तिच्यात लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर एवढीच नावे होती. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ही प्रादेशिक विभागणी (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना) २०२० मध्येच रद्द झाली असून मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला आता राज्यभरातल्या जागांसाठी एकाच गुणवत्तेवर स्पर्धा करता येते, तेव्हा ही यादी निदान पाच वर्षे जुनी म्हणायला हवी.

आमच्या आधी बसलेल्या मुलाला सैन्यात अधिकारी व्हायचे होते. त्याला ‘बारावीनंतर बघू’ असा सल्ला मिळाला. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथे दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची निवड करून त्यांना एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयार केले जाते आणि तिचे अर्ज दहावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. त्या मुलासाठी ती वेळ निघून गेलेली होती. मग हे मार्गदर्शन केंद्र दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीला शाळांमध्ये का जात नाही, असा प्रश्न पडतो. तंत्रनिकेतनाचा उल्लेख तर कोणीच केला नाही. तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि लातूर, नांदेड, बीड या ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत. ज्या घराला दोन वर्षांच्या शिकवणीचा खर्च झेपणार नाही त्याला हे आधी सांगायला हवे होते.

अर्जाच्या टेबलावर मात्र सगळेच पालटले. २०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा निवडक महानगरांपुरतीच होती, त्यामुळे आमच्या भागातल्या पालकांना महाविद्यालयात जाऊन रांगेत उभे राहण्याचीच सवय. टेबलावरच्या मुलीने अर्जाचा पहिला भाग भरताना जन्मतारीख आणि आडनावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. दहा पसंतीक्रम देता येतात म्हणून मी ओळखीच्या नावाचे एक महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर घालायला सांगितले, तेव्हा तिने हात थांबवला आणि म्हणाली, ‘काका, पहिल्या नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतंय. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. तिथं खरंच जायचंय का?’ आम्हाला जायचे नव्हते. मग तिने राहण्याची सोय, येण्याजाण्याचे अंतर आणि संस्थेअंतर्गत कोट्यातल्या दहा टक्के जागा कोणाला लागू होतात हे समजावून क्रम नव्याने लावून दिला. जातीचा दाखला असेल तर वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करा, बारावीच्या सुट्टीत धावपळ होते, हेही तिनेच सांगितले. पुतणीला दुसऱ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि त्यात आम्ही समाधानी आहोत.

पाचपैकी गुण द्यायचे तर सत्काराला अडीच, मार्गदर्शनाला एक आणि अर्जसेवेला साडेचार देईन. केवळ अर्ज भरून देण्याचे वेगळे शुल्क फलकावर लिहिलेले नाही, पण विचारल्यास निम्म्या रकमेत ते काम होते असे आम्हाला पैसे भरून झाल्यावर कळले. जाणाऱ्यांनी ते आधीच विचारावे. समुपदेशनाच्या वेळी वर्गाच्या आगाऊ नोंदणीचा कागद सहीसाठी पुढे येतो, त्यावर ‘नोंदणी रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत आहे. शिवाय फाइलमध्ये ठेवण्यासाठी मूळ गुणपत्रिका मागितली जाते, ती देऊ नये. प्रवेश निश्चित करताना मूळ कागदपत्रे महाविद्यालयात दाखवावी लागतात आणि केंद्राचे कार्यालय रविवारी बंद असते.