आठ महिने दूरस्थ इंग्रजी कोर्स: माझ्या ९४ चं काय झालं

कोर्समध्ये काय काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. वर्षाचे ६,४९९ भरलेत आणि मला बोलायचंय ते ॲपमधल्या त्या पेटत्या ज्योतीबद्दल.

रोज एक धडा झाला की ज्योतीखालचा आकडा एकने वाढतो. माझा ९४ वर होता. महापे एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, म्हणून धडा घणसोलीहून ठाण्याच्या गाडीतच उरकायचो. एका रात्री ११:५० ला सबमिट दाबलं, ते ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत गरगरतच राहिलं. बारा वाजले. शून्य!

कस्टमर केअरला तीनदा फोन. "सर, सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये." स्क्रीनशॉट पाठवला तर तक्रार आपोआप बंद. रागाने एकोणीस दिवस ॲप उघडलं नाही. गंमत म्हणजे त्या एकोणीस दिवसांत इंग्रजीची आठवण एकदाही आली नाही, ९४ ची मात्र रोज.

बी.एड. करणारी भाची म्हणाली, "मामा, तुझं सोमा कोड्यासारखं झालंय." एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने म्हणे १९७१ मध्ये काही विद्यार्थ्यांना ते ठोकळ्यांचं कोडं सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्यांचा कोड्यातला रस आधीपेक्षा कमी झालेला. म्हटलं, मला कोणी दिले नाहीत बाई, उलट मीच भरलेत.

ॲप पुन्हा उघडलं ते रिफंडच्या अटी शोधायला. तिथे तपासून आलेला निबंध पडून होता. माझ्या 'सिन्स थ्री इयर्स'खाली लाल रेघ आणि शेजारी बाईंचा शेरा: "चौथ्यांदा! किती काळ ते सांगताना फॉर, कधीपासून ते सांगताना सिन्स." मागचे निबंध काढून बघितले. खरंच चौथ्यांदा. म्हणजे पलीकडे कोणीतरी वाचत होतं, लक्षात ठेवत होतं.

म्हणून एक स्टार देणार होतो, ते साडेतीन करतोय. नोटिफिकेशन बंद केलीत, निबंध मात्र दर पंधरवड्याला जातो. नुसत्या निबंध तपासणीचा प्लॅन निम्म्या किमतीत देता का, असंही विचारून झालं. तीही तक्रार आपोआप बंद.

गेल्या आठवड्यात पाचव्यांदा 'सिन्स' लिहिलं. या वेळी नुसती लाल रेघ आली, शेरा नाही. जरा लागलंच.